उशीर किती हवा?

चार-पाच जण मिळून एक काल्पनिक विश्व लिहायला बसले की पहिलं भांडण हमखास इंजिनावरून होतं. राज्य कुणाचं, परग्रहवासी असतील की नसतील, हे सगळं नंतर, आधी जहाज एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे जाणार कसं ते सांगा, असं कुणीतरी म्हणतं आणि पुढचे कित्येक महिने त्यातच जातात. आमच्या ग्रुपचंही तेच झालं. आम्ही काही जण एका सामायिक विज्ञानकथा-विश्वात बरीच वर्षं लिहितोय, कथा ज्याची त्याची, पण ग्रह, इतिहास, जहाजं सगळ्यांची, आणि त्या विश्वाची जी नियमांची फाइल आहे तिच्यातलं प्रकाशापेक्षा वेगवान प्रवासाचं प्रकरण माझ्याकडे आहे. कुणी सोपवलं नव्हतं, मीच सारखं त्यात नाक खुपसत होतो म्हणून शेवटी माझ्याच गळ्यात पडलं.

असलं इंजिन लागतं याचं कारण उघड आहे, अंतरं अशक्य आहेत. सूर्य सोडला तर सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी, तो ४.२४ प्रकाशवर्षांवर. १९७७ साली सुटलेलं व्हॉयेजर १ हे यान आज सेकंदाला साधारण १७ किलोमीटर वेगाने लांब चाललंय, आणि त्या वेगाने प्रॉक्झिमाइतकं अंतर कापायला त्याला ७५ हजार वर्षं लागतील (ते त्या दिशेने चाललेलंही नाही, पण असो). ७५ हजार वर्षांत कथा काय, लेखकाची भाषासुद्धा शिल्लक राहणार नाही.

या व्हॉयेजरशी जोडलेली एक गंमत मला फार आवडते. नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत डॅन आल्डरसन नावाचा माणूस होता, व्हॉयेजर यानांच्या मार्गनिर्देशनासाठी वापरलेलं सॉफ्टवेअर त्याने लिहिलं, आणि त्याच माणसाने लॅरी निव्हन आणि जेरी पुर्नेल या लेखकांना त्यांच्या १९७४ च्या कादंबरीसाठी प्रकाशाला मागे टाकणारी प्रवासाची पद्धत बनवून दिली. दिवसा ७५ हजार वर्षांचा हिशोब आणि संध्याकाळी क्षणात पलीकडे. पण गंमत पुढे आहे. आल्डरसनच्या पद्धतीत जहाजाला कुठूनही उडी मारता येत नाही. अवकाशात ठरावीक जागा असतात, तिथपर्यंत साध्या इंजिनाने रखडत जायचं, तिथून उडी, आणि पलीकडच्या ठरावीक जागेवरून पुन्हा रखडत ग्रहापर्यंत. या एका अटीमुळे त्या विश्वात नाकेबंदी शक्य होते, वाट अडवता येते, वाट चुकते, एखादी अख्खी संस्कृती एका बंद दारामागे कोंडून राहू शकते.

नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो. वेग कुणीही देईल हो, 'जहाजाने उडी मारली आणि ते पलीकडे निघालं' एवढं एक वाक्य लिहिलं की झाला वेग. कुठून जाता येत नाही, किती ताटकळावं लागतं, बातमी किती शिळी होऊन पोचते हे ठरवणं म्हणजे खरं काम, आणि सामायिक विश्वात तर तेवढंच काम, कारण दुसऱ्याची कथा माझ्या हातात नसते, मी त्याच्या वाटेत फक्त अडचणी पेरून ठेवू शकतो. थोडक्यात मी त्या फाइलमध्ये बसून उशीर डिझाइन करतो.

अर्थात सुरुवातीला सगळेच फिजिक्सच्या मागे लागले होते, आणि त्यात हाती काहीच लागलं नाही असंही नाही. १९९४ साली मिगेल अल्कुबिएरे या भौतिकशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की आइन्स्टाइनची समीकरणं न मोडता कागदावर अवकाशाचा असा एक फुगा मांडता येतो की ज्याच्या पुढचं अवकाश आकसतं, मागचं पसरतं, आणि मधल्या जहाजाला साधा धक्काही बसत नाही. मेख अशी की त्याला ऋण, म्हणजे शून्याहूनही कमी, ऊर्जा लागते. तसलं काहीतरी कॅसिमिर परिणामात, म्हणजे एकमेकींच्या अगदी जवळ ठेवलेल्या धातूच्या दोन पट्ट्यांमध्ये, इवलंसं सापडतं (भाकीत १९४८ सालचं), पण फुग्याला किती लागेल याचा हिशोब फेनिंग आणि फोर्ड यांनी १९९७ मध्ये केला तर ती सगळ्या दृश्य विश्वात असलेल्या ऊर्जेपेक्षाही जास्त निघाली. १९९९ मध्ये व्हॅन डेन ब्रुकने फुग्याचा आकार वेगळा घेऊन मागणी काही सूर्यांच्या वस्तुमानाइतकी खाली आणली. काही सूर्य! कथेत चालून जातं म्हणा.

मला मात्र ऊर्जेपेक्षा त्या फुग्याचं दुसरंच दुखणं भारी वाटलं. प्रकाशापेक्षा वेगाने चाललेल्या फुग्यात बसलेल्या माणसाला फुग्याच्या पुढच्या भिंतीपर्यंत कसलाच सिग्नल पोचवता येत नाही, कारण सिग्नल जाणार प्रकाशाच्या वेगाने आणि भिंत त्याच्याही पुढे पळतेय. म्हणजे आतून वळता येत नाही, थांबता येत नाही. फुगा चालवायचाच असेल तर वाटेवर आधीच कुणीतरी जाऊन सगळी तयारी करून ठेवायला हवी, आणि तो 'कुणीतरी' प्रकाशापेक्षा हळूच जाणार. बघा ना, एका तांत्रिक दोषातून अख्खा व्यवसाय उभा राहिला. पिढ्यान्‌पिढ्या हळू जहाजांवर जगून वाट तयार करणारी माणसं, आणि ती वाट चार दिवसांत वापरून जाणारे त्यांचे पणतू. शिवाय २०१२ च्या एका शोधनिबंधात दाखवलंय की फुगा वाटेतले कण गोळा करत जातो आणि थांबताना ते प्रचंड ऊर्जेने पुढे फेकतो, म्हणजे पोचलात त्या गावाची राखरांगोळी. ही कल्पना आम्ही घेतली नाही, पण वाट आधी बांधावी लागते ही घेतली.

कृमिविवरांचं, म्हणजे अवकाशातल्या दोन लांबच्या जागा जोडणाऱ्या बोगद्यांचं, प्रकरण याच्या उलट्या बाजूने सुरू झालं. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगनना आपल्या कादंबरीतल्या नायिकेला लांब पाठवायचं होतं, त्यांनी भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्नना विचारलं, आणि थॉर्ननी विचार केला तो इतका खरा निघाला की १९८८ साली मॉरिस आणि थॉर्न यांचा रीतसर शोधनिबंध आला, ज्यातून माणूस आरपार जाऊ शकेल अशा कृमिविवराचा. टॅकिऑनबद्दल फार बोलत नाही, १९६२ मध्ये बिलानियुक, देशपांडे आणि सुदर्शन यांनी प्रकाशापेक्षा वेगवान कणांचा विचार मांडला, १९६७ मध्ये फाइनबर्गने त्यांचं बारसं केलं, तसा कण आजवर कुणाला सापडला नाही आणि आमच्या कथांनाही त्याचा काही उपयोग झाला नाही.

आता ते कारण आणि परिणामाचं लफडं. बहुतेक लेखक हे टाळतात, आणि टाळलं तरी चालतं, पण आमच्यात एकजण फिजिक्स शिकवते आणि तिने ते टाळू दिलं नाही. सापेक्षतेत लांबच्या दोन ठिकाणांचं 'आत्ता' एकच नसतं, बघणारा कुठल्या वेगाने चाललाय त्यावर ते ठरतं. समजा आपलं इंजिन एका दिवसात प्रॉक्झिमाला पोचवतं. तिने आकडे मांडून दाखवलं की पृथ्वीकडून प्रॉक्झिमाच्या दिशेने सेकंदाला २०० किलोमीटरने जाणाऱ्या माणसाच्या हिशोबात हे जहाज निघायच्या आधीच पोचलेलं असतं. २०० किलोमीटर म्हणजे प्रकाशवेगाचा हजारावा भागसुद्धा नाही. आता वेग ४०० करा, आणि त्याच दिशेने त्या वेगाने प्रॉक्झिमाजवळून चाललेल्या दुसऱ्या जहाजाला निरोप द्या, त्याच्याकडेही तसंच इंजिन, त्याने स्वतःच्या हिशोबाने एका दिवसात पृथ्वीकडे उडी मारली तर निरोप घरी पोचतो तो पाठवल्याच्या साधारण दीड तास आधी. कुठलं टाइम मशीन नाही, काही नाही, दोन साधी जहाजं आणि थोडी बेरीज-वजाबाकी.

विज्ञानकथावाल्यांमध्ये एक जुनं वाक्य फिरतं, सापेक्षता, कार्यकारणभाव आणि प्रकाशापेक्षा वेगवान प्रवास, तिघांपैकी कुठलेही दोन घ्या. हॉकिंगने १९९२ मध्ये निसर्गच भूतकाळात जाणारी वाट बंद करत असेल असा अंदाज मांडला होता, आणि काही लेखक त्यावर भागवतात, म्हणजे भूतकाळात जायला निघालात की कृमिविवर कोसळतं. छान आहे, पण मग प्रत्येक नव्या वाटेला 'ही कोसळेल का' हे तपासत बसावं लागतं आणि सामायिक विश्वात ते तपासणार कोण, तर मीच. म्हणून आम्ही सापेक्षतेचा थोडासा बळी दिला. सगळ्या उड्यांना एकच घड्याळ लावलं, वैश्विक पार्श्वभूमी प्रारणाचं. विश्वाच्या बालपणापासून उरलेल्या या प्रारणाच्या तुलनेत सूर्यमाला सेकंदाला साधारण ३७० किलोमीटर वेगाने सिंह राशीच्या दिशेने चाललीय, हे मोजलेलं आहे. आमच्या विश्वातली प्रत्येक उडी, जहाज कुठल्याही वेगात असो, त्या प्रारणाच्या दृष्टीने स्थिर असलेल्या घड्याळाने दिवसाला एक प्रकाशवर्ष जाते. घड्याळ एकच, त्यामुळे निरोप निघायच्या आधी कुणीही घरी पोचू शकत नाही. मिटलं.

मिटलं म्हणजे खरं तर तिथून सुरू झालं, कारण यातून एक भन्नाट गोष्ट बाहेर पडली जी आमच्यातल्या कुणीच मुद्दाम घातलेली नव्हती. वसाहतींची कॅलेंडरं जुळवलेली आहेत सूर्याच्या हिशोबाने, आणि सूर्य तर त्या घड्याळाच्या तुलनेत चालतोय. त्यामुळे सिंह राशीच्या बाजूला दहा प्रकाशवर्षं गेलात तर कॅलेंडरवर साडेपाचच दिवस उलटलेले दिसतात आणि परतीला साडेचौदा. जाऊन-येऊन वीस ते वीसच, पण एका दिशेला वारा पाठीशी आणि दुसऱ्या दिशेला तोंडावर. व्यापाऱ्यांच्या कथा लिहिणारा आमच्यातला एक हे वाचून नाचायचाच बाकी होता. त्याने पहिला प्रश्न काय विचारावा, कर्जाचं व्याज कुठल्या कॅलेंडरने मोजायचं. त्यावर त्याची एक अख्खी लांब कथा झाली, त्यात एकही गोळी सुटत नाही, सगळी मारामारी वकिलांची, आणि आमच्या विश्वातल्या सगळ्यात चांगल्या कथांमध्ये मी ती धरतो.

दिवसाला एक प्रकाशवर्ष हा आकडा मात्र वाटाघाटीतून आलाय. वेग वाढवला तर जग नुसतं मोठं होत नाही, घनाच्या हिशोबाने मोठं होतं, पोच दुप्पट केली की आवाक्यात येणारे तारे साधारण आठपट. वेग दहापट हवा म्हणणाऱ्यांना मी हेच विचारायचो, हजारपट ताऱ्यांना नावं कोण देणार, त्यांची राजकारणं कोण लक्षात ठेवणार. आपली आकाशगंगा साधारण एक लाख प्रकाशवर्षं रुंद आहे, आमच्या वेगाने ती पार करायला पावणेतीनशे वर्षं लागतात, म्हणजे ती आहे, दिसते, पण कुणी जात नाही. बहुतेक कथा पन्नास दिवसांच्या उडीच्या आत घडतात. मला तर याहून हळू चाललं असतं, पण युद्धकथा लिहिणाऱ्यांना महिनाभराच्या उडीत कुमक पोचायला हवी होती, आणि त्यांचंही बरोबर होतं.

उडी मारायच्या जागांना आम्ही खिंडी म्हणतो. प्रत्येक खिंड आधी बांधावी लागते, ती ताऱ्यापासून साधारण गुरू सूर्यापासून जितका लांब आहे तितक्या अंतरावर, आणि ग्रहावरून तिथे जायला पाच-सहा आठवडे. व्हॉयेजर १ ला गुरूपर्यंत जायला दीड वर्ष लागलं होतं, त्या मानाने आमची इंजिनं पुष्कळच बरी. गंमत अशी की मग ताऱ्यांमधला प्रवास छोटा पडतो आणि अंगणातला मोठा. प्रॉक्झिमा सव्वाचार दिवसांवर आणि तिथे जायची खिंड दीड महिन्यावर. मुद्दाम केलंय हे. माणसं जहाजात दीड महिना एकमेकांना सहन करतात तेव्हाच कथा घडतात, उडीत काय, डोळे मिटून पडायचं.

पण सगळ्यात जास्त ताणलं गेलं ते निरोपांवरून. जहाजाशिवाय बातमी पुढे जाऊ शकते का? मी पहिल्यापासून 'नाही' म्हणून अडून बसलो, आणि माझ्याकडे एकच दाखला होता. ब्रिटन आणि अमेरिका यांच्यातलं युद्ध संपवणाऱ्या करारावर २४ डिसेंबर १८१४ ला बेल्जियममधल्या गेंटमध्ये सह्या झाल्या. बातमी अटलांटिकवर शिडांच्या जहाजात बसून निघाली. ८ जानेवारी १८१५ ला न्यू ऑर्लिन्सपाशी ब्रिटिशांनी हल्ला केला आणि त्यांची दोन हजारांवर माणसं मेली, जखमी झाली किंवा पकडली गेली. कागदोपत्री कराराला मंजुरी फेब्रुवारीत मिळाली, त्यामुळे युद्ध तांत्रिकदृष्ट्या चालूच होतं असं कुणी म्हणेल, म्हणू दे. त्या मैदानावरच्या एकालाही सह्या झाल्याचं माहीत नव्हतं. अशी एक लढाई आमच्या विश्वात घडू शकायला हवी, एवढंच मला हवं होतं. बातमी जहाजापेक्षा वेगाने जायला लागली की सेनापती राजधानीला विचारून मग लढतो, राज्यपाल फोन लावून परवानगी घेतो, दूरच्या वसाहतीतला माणूस स्वतःच्या जबाबदारीवर काही करतच नाही. १८६६ मध्ये अटलांटिकखालची तार कायमची चालू झाली (१८५८ ची काही आठवड्यांत बंद पडली होती) आणि दीड-दोन आठवड्यांची बातमी मिनिटांवर आली, तेव्हा दूरवर नेमलेल्या किती राजदूतांची नोकरी बदलली असेल याची कल्पना करा. मी वादात जिंकलो. टपाल-जहाजं आली, त्यांची वेळापत्रकं आली, आणि टपाल-जहाजाला कुणीही कुठल्याही युद्धात हात लावायचा नाही असा एक संकेत आला, जो अर्थातच एका कथेत मोडला गेला.

खिंडी बांधाव्या लागतात म्हटल्यावर त्या कोण बांधतं, कुणाच्या मालकीच्या, हेही आलं. नवी खिंड उघडली की जुन्या वाटेवरची ठाणी बसतात. १८६९ मध्ये सुएझ कालवा झाला, वाफेची जहाजं आधीच वाढत होती, आणि दक्षिण अटलांटिकमध्ये शिडांच्या वाटेवर असलेल्या सेंट हेलेना बेटाकडे येणारी जहाजं आटत गेली. बेटाने काही केलं नव्हतं, वाट सरकली. उलटीकडे एडनसारखं बंदर, जे ब्रिटिशांनी १८३९ मध्येच घेतलं होतं, ते कोळशाचं ठाणं म्हणून भरभराटीला आलं. मनिला आणि अकापुल्को यांच्यात १५६५ पासून १८१५ पर्यंत वर्षाला जेमतेम एक-दोन गलबतं चालायची आणि एक बुडालं की मनिलाच्या व्यापाऱ्यांचं ते वर्षच बुडायचं. हे सगळं आम्ही ढापलंय, बिनदिक्कत. आमच्याकडे नियम असा आहे की कुणाला कथेसाठी नवी खिंड हवी असेल तर मिळेल, पण त्यामुळे कुठलं ठाणं ओस पडणार ते त्यानेच आधी लिहून द्यायचं. या एका कलमानंतर नव्या खिंडींचे अर्ज एकदम कमी झाले.

एक भाग वाचकाला कधीच दिसत नाही पण मला त्याचा अभिमान आहे, तो म्हणजे वेगाचा हिशोब. तारे जागेवर बसलेले नसतात. बर्नार्डचा तारा, जवळपास सहा प्रकाशवर्षांवरचा, सेकंदाला ११० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येतोय. मग इथून उडी मारून तिथे निघालेल्या जहाजाचा वेग काय? खिंडीतून बाहेर पडताना वेग आपोआप जुळतो असं म्हटलं तर फुकटची ऊर्जा आली, आणि फुकटची ऊर्जा एकदा विश्वात शिरली की कुठलाच हिशोब लागत नाही. म्हणून आमच्याकडे आधीचा वेग तसाच राहतो. आमच्या जहाजांचा सगळा दम सेकंदाला दोन-तीनशे किलोमीटरचा, त्यातले निदान ११० बर्नार्डपाशी नुसते वेग जुळवण्यात जातात, त्यामुळे तिकडचं भाडं कायम महाग. अंतर जवळचं आणि भाडं लांबचं. आणि हेच उलटं धरलं तर हत्यार. त्या वेगाने येणाऱ्या एक किलोच्या दगडात जवळजवळ दीड टन टीएनटीइतकी ऊर्जा असते. २०१३ मध्ये चेल्याबिन्स्कवर फुटलेली उल्का सेकंदाला १९ किलोमीटरच्या आसपासच होती, तरी तिने शहरभर काचा फोडल्या. त्यामुळे खिंडीतून बाहेर पडणारी प्रत्येक वस्तू काय आहे हे बघायला तिथे कायम चौकी हवी, चौकी आली की लाच आली, लाच आली की कथा आली.

या सगळ्यात इंजिन आतून कसं चालतं याबद्दल फाइलमध्ये एक अक्षर नाही. हे मी हट्टाने ठेवलंय. लेखकाने यंत्रणा समजावली की दुसरा लेखक तिच्यात पळवाट शोधतो, हा निसर्गनियम आहे, 'म्हणजे दोन इंजिनं एकाला एक जोडली तर...' अशी सुरुवात झाली की समजावं गेलं आपलं विश्व. म्हणून फाइलमध्ये फक्त प्रवाशाला दिसणाऱ्या गोष्टी आहेत. किती वेळ लागतो, कुठून निघतात, पोटात ढवळतं का, घड्याळ किती पुढे-मागे होतं, काय नेता येत नाही. खरं सांगायचं तर रोज प्रवास करणाऱ्या माणसालाही यंत्राबद्दल याहून जास्त माहिती नसते. दुसरी अट म्हणजे नायकासाठी सूट नाही. 'हे जहाज जरा खास आहे' हे वाक्य आमच्याकडे बंद आहे, कारण एकाच्या कथेत खास जहाज आलं की बाकी सगळ्यांच्या पात्रांनी केलेली वणवण मूर्खपणाची ठरते. तुझ्या नायिकेला वेळेत पोचायचं असेल तर तिला लवकर निघायला लाव. नाहीतर उशिरा पोचू दे, काय बिघडतं, बहुतेक वेळा कथा तिथेच बरी होते.

एक कथा अशीच आली. एका वसाहतीचा नाश होतो, वाचलेले लोक पाच दिवसांत उडी मारून पाच प्रकाशवर्षांवरच्या दुसऱ्या ताऱ्यापाशी येतात. पण त्यांच्या गावाचा प्रकाश, रेडिओ, सगळं अजून वाटेतच आहे. पहिल्या खर्ड्यात लेखिकेने लिहिलं होतं की ते दुर्बिणीतून आपलं गाव बघतात, लोक रस्त्यात चालताना दिसतात. फिजिक्सवाली लगेच आडवी आली. एका प्रकाशदिवसावरून मीटरभराची वस्तू ओळखायची म्हटलं तरी आरसा पृथ्वीपेक्षा रुंद लागतो, आणि पाच प्रकाशवर्षं म्हणजे त्याच्या अठराशेपट. लेखिका दोन दिवस चिडून होती. मग तिने दुर्बीण काढून रेडिओ घातला, वसाहतीचं एक जोरकस प्रक्षेपण केंद्र होतं जे शेजारच्या ताऱ्यांकडे मुद्दाम कार्यक्रम पाठवायचं. तर वाचलेले लोक पाच वर्षं आपल्याच गावाच्या जुन्या बातम्या, जाहिराती, वाढदिवसांच्या शुभेच्छा ऐकत राहतात, आणि शेवटचं प्रक्षेपण कुठल्या तारखेला पोचणार हे सगळ्यांना माहीत असतं. त्या दिवशी रेडिओ लावायचा की नाही यावर गावात दोन तट पडतात. हे दुर्बिणीच्या खर्ड्यापेक्षा कितीतरी जबरदस्त झालं, आणि एवढ्या वेगाने पळता आलं नसतं तर ही कथा झालीच नसती, प्रकाशाला मागे टाकलं म्हणून तर ती माणसं त्याच्या वाटेत उभी राहू शकली.

सध्याचं भांडण पुन्हा निरोपाचंच आहे. नव्या लोकांतल्या दोघांना विश्वाच्या इतिहासात पुढे कधीतरी तार आणायची आहे, म्हणजे खिंडीतून जहाजाशिवाय सिग्नल जाईल असं काहीतरी, एका ठरलेल्या सालानंतर, त्याआधीच्या कथांना धक्का नाही. प्रस्ताव नीट लिहिलाय, ओस पडणाऱ्या ठाण्यांची यादीसुद्धा जोडलीय, टपाल-जहाजांचं काय होणार याचं एक पान आहे. मला त्यात पळवाट सापडलेली नाही, याचाच राग येतोय. मतदान पुढच्या महिन्यात आहे. मी विरोधात मत देणार, आणि हरलो तर शेवटच्या टपाल-जहाजाच्या कप्तानाची कथा आधी माझ्या नावावर लावून घेणार, ती दुसऱ्या कुणाला लिहू देणार नाही.